हळूबाई आणि पाण्याखालचं घर

शाळेच्या ग्रंथालयात पाऊल टाकणाऱ्याला तिथल्या बाईंकडून पहिला शब्द ऐकू यायचा तो 'हळू'. दार हळू. खुर्ची हळू. पान हळू उलट, ते काही पळून जात नाही. म्हणून पोरांनी त्यांचं नाव हळूबाई ठेवलं, आणि ते इतकं चिकटलं की एकदा भर सभेत मुख्याध्यापिकाच "आता हळूबाई बोलतील" म्हणाल्या आणि जीभ चावून बसल्या. हळूबाईंना राग आला नाही. त्यांना राग यायलाच मुळात इतका वेळ लागायचा की तोवर रागाचं कारण घरी गेलेलं असायचं.

ग्रंथालय तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे. लांबट खोली, एका बाजूला ओळीने खिडक्या, डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास. नकाशांच्या कपाटामागे, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात, एक आरामखुर्ची. ती शाळेत कधी आली, कुणी आणली, कुणालाच ठाऊक नाही. पण ती तिथून हलवायचा विचार एकदा कुणीतरी बोलून दाखवला, तेव्हा हळूबाई आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या म्हणतात.

वर्षभर त्या पुस्तकं द्यायच्या, घ्यायच्या, शिक्के मारायच्या, निसटलेली पानं डकवायच्या. पण त्यांचं खरं काम उन्हाळ्याच्या तोंडावर. शाळेचा रिवाज असा की नववीतल्या प्रत्येकाने सुट्टीत एक पुस्तक न्यायचं आणि दहावीच्या पहिल्या दिवशी परत आणायचं. कुणाला कोणतं, ते हळूबाई ठरवणार. मुख्याध्यापिका दरवर्षी विचारायच्या, "निवडीचा निकष काय?" आणि हळूबाई दरवर्षी लिहून द्यायच्या: भाषा सोपी, आशय सकस, वयाला साजेसं.

खरा निकष निराळाच होता. हसू नका, हं.

परीक्षा सुरू झाल्या की ग्रंथालय ओस पडायचं. दुपारचा डबा खाऊन हळूबाई आरामखुर्चीत बसायच्या, पुस्तक उघडायच्या आणि डोळे जड होईपर्यंत वाचायच्या. मग ते पुस्तक पोटावर उपडं ठेवून चक्क झोपायच्या. झोपेत पुस्तक पुढे चालू राहिलं, त्यातली माणसं बोलत राहिली, लेखकाने न दाखवलेल्या गल्लीत शिरली, तर पुस्तक पास. झोपेत भाजी, गॅसची शेगडी किंवा नणंदेचा गुडघा दिसला, तर नापास. एका फार मोठ्या बक्षिसाच्या कादंबरीला सलग तीन दुपारी नणंदेचा गुडघाच दिसला होता. हळूबाईंनी ती निमूट वरच्या फळीवर ठेवून दिली.

"जागेपणी काय, कुठलंही पुस्तक सोबत असतं," त्या म्हणायच्या. "झोपेत जे सोबत येतं, ते खरं." म्हणायच्या म्हणजे नवऱ्याला. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर नोकरी गेली असती.

ही खोड लहानपणची. त्यांचे वडील शिंपी. कापायच्या मोठ्या टेबलाखाली चिंध्यांची गादी असायची, तिथे त्या वाचत पडायच्या आणि वाचता वाचता झोपून जायच्या. भावंडं दंगा करायला लागली की आई तोंडावर बोट ठेवून दटावायची, "हळू रे! ती वाचतेय." पोरगी ढाराढूर झोपलेली, पुस्तक नाकावर, आणि आई म्हणतेय वाचतेय! झोपेतून अर्धवट ऐकू येणारं ते वाक्य हळूबाईंनी जन्मभर जपून ठेवलं. आईला जाऊन आता कैक वर्षं झाली.

नवऱ्याचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान. त्यांना सगळे चष्मेवाले म्हणायचे. गिऱ्हाईक नसलं की बायकोने निवडलेली पुस्तकं ते मागाहून वाचून काढायचे आणि म्हणायचे, "जगात एकटी माझी बायको अशी, जिला झोपायचा पगार मिळतो."

त्या वर्षी नववीत एक मुलगी होती, भिंगरी. एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ. पुस्तक न्यायची आणि दुसऱ्या दिवशी आणून आदळायची.

"वाचलंस?"

"सुरुवात वाचली. पुढे तसंच असणार."

तिची आई दूर परगावी एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायच्या कामाला. वर्षातून एकदा यायची, चार दिवस राहायची आणि जाताना लेकीकडे न बघता गाडीत चढायची, कारण बघितलं तर चढवेना. भिंगरी मावशीकडे वाढली. मावशीची लाँड्री होती, आणि त्या हिवाळ्यात मावशीच्या कंबरेने दगा दिला.

"ती काही दहावीला येत नाही," वर्गशिक्षकांनी हळूबाईंना सांगितलं. "सुट्टी लागली की लाँड्रीत बसणार, ती कायमची. मावशीचं ठरलंय, आणि तिचंही."

"अहो, पण तिच्याशी कुणी बोललं का?"

"सगळे बोललो. या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते."

हळूबाईंच्या जिवाला ते लागून राहिलं. पोरगी हुशार होती हो! नुसतं तिला एका जागी धरून ठेवणारं काही सापडलं नव्हतं. हळूबाईंनी मनाशी हिशेब केला: आपण उपदेश करायचा नाही, आपण पुस्तक द्यायचं. पुस्तक आवडलं तर ते परत करायला का होईना, पहिल्या दिवशी ती जिना चढून येईल. एकदा जिना चढली की पुढचं पुढे. न आवडलं तर कुणाच्या तरी हाती पाठवून देईल, आणि संपलंच.

तिच्यासाठी त्यांनी निवडलं ते एका मुलीचं पुस्तक. घर सोडून गेलेल्या भावाला शोधायला ती मामाच्या मालवाहू नावेतून मोठ्या नदीने वर वर जाते. वाटेत धरणाचं अफाट पाणी लागतं आणि त्या पाण्याखाली एक बुडालेलं गाव असतं. वाचलं त्या दुपारी ते पुस्तक असं काही पास झालं होतं की जाग आल्यावर हळूबाईंना आपल्या पायाला चिखल लागलाय असं वाटलं होतं.

वाटपाच्या दिवशी भिंगरी आली. एक पाय जमिनीवर, दुसरा ताल धरून.

"जाड आहे," ती म्हणाली.

हळूबाई सहसा आतलं काही सांगत नसत. त्या दिवशी सांगितलं. "यात ना, एक घर आहे. पाण्याखालचं. मुलगी नावेतून वाकून बघते तर पाणी उतरत जातं, उतरत जातं आणि खालून पायऱ्या वर येतात. ती उतरते. हिरवं दार असतं, ते ढकलते. आत स्वयंपाकघर. एक बाई पाठमोरी उभी राहून भांडी घासतेय. आणि मागे न बघता म्हणते, 'आलीस? पाय पूस आणि आत ये.'"

भिंगरीचा ताल थांबला. ती मुलगी स्थिर उभी आहे, हे दृश्य त्या खोलीने पहिल्यांदा पाहिलं.

"कोण असते ती बाई?"

"ते तू वाच."

"खरंच आहे असं यात?"

"आहे म्हणजे काय! मी वाचलंय ना."

भिंगरीने पुस्तक छातीशी धरलं आणि गेली. चालत गेली, धावत नाही. हळूबाई दिवसभर स्वतःशीच हसत होत्या.

सुट्टी लागली. एका सकाळी गॅलरीत चहा घेताना चष्मेवाल्यांनी पुस्तक मिटलं. ग्रंथालयाच्या दोन प्रतींपैकी दुसरी प्रत त्यांच्याकडे होती.

"बरं आहे," ते म्हणाले. "जरा कोरडं आहे, पण बरं आहे."

"कोरडं? अहो, आणि ते पाण्याखालचं घर?"

"कुठलं घर?"

"हिरव्या दाराचं. ती बाई भांडी घासते ते."

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि बायकोकडे बघितलं. "अगं, असं काही नाहीये यात."

"तुम्ही गाळलं असेल. गिऱ्हाईक आलं असेल मध्येच."

पुस्तक हिसकावूनच घेतलं त्यांनी. पानं उलटली, तीही हळू नाही. धरण सापडलं. नाव पाण्यावरून जाते. मामा म्हणतो, खाली गाव होतं म्हणे. मुलगी कांदा चिरत असते, ती मान वर करून "हं" म्हणते. पुढच्याच ओळीत ते पलीकडच्या काठाला लागतात. एवढंच. पायऱ्या नाहीत, दार नाही, बाई नाही.

हळूबाईंनी पुस्तक मिटलं. इतकी वर्षं त्या पुस्तकांसोबत झोपल्या होत्या. पुस्तक कुठे संपलं आणि झोप कुठे सुरू झाली ही सीमा त्यांना कायम स्वच्छ दिसायची. या वेळी ती पुसली गेली होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. ती बाई कोण हे आपल्यालाही आठवत कसं नाही, ते त्यांना आत्ता कळलं. ती वळणार एवढ्यात शाळेची घंटा झाली होती.

"मी त्या पोरीला शब्द दिलाय हो," त्या म्हणाल्या. "ती पुस्तकभर ते घर शोधेल. नाही सापडलं की म्हणेल, हीपण खोटं बोलली. मग कशाला चढतेय ती जिना?"

"जा आणि सांगून टाक," चष्मेवाले म्हणाले. "आजच जा."

लाँड्री दोन रस्ते पलीकडे. आत शिरलं की वाफेचा ऊबदार लोट अंगावर यायचा आणि बाहेरचा रस्ता जणू विसरायला व्हायचं. यंत्रांच्या गोल काचांमागे कपडे वर जायचे, खाली पडायचे. वर दोऱ्यांवर पांढऱ्या चादरी, त्यांच्यामधून पंख्याचा वारा फिरत होता. मावशी उंच स्टुलावर बसून इस्त्री करत होती, आणि भिंगरी साबणाच्या डब्याला पुस्तक टेकवून, उशांचे अभ्रे घडी करत करत, मोठ्याने वाचत होती.

"बाई! या ना, बसा," मावशी म्हणाली. "काय पुस्तक दिलंत हो! हिला काही एकटीला वाचायला वेळ नाही, म्हणून म्हटलं मोठ्याने वाच. आता माझंच इस्त्रीत लक्ष लागेना. रोज विचारते, आलं का गं ते घर?"

"अजून नाही आलं," भिंगरी म्हणाली. "आत्ता कुठे नाव नदीला लागलीय. बाई, काही सांगू नका हं! मला माझं माझं जाऊ द्या तिथे."

हळूबाईंनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं: बाळ, ते घर त्यात नाही. मावशी इस्त्री उचलून त्यांच्याकडे बघत होती. भिंगरीचा एक हात पानावर होता, पुढची ओळ सुटू नये म्हणून. एका जागी बसलेली भिंगरी!

"चादरी घडी करायला हात लावू का?" हळूबाई म्हणाल्या.

आणि लावला. एक टोक त्यांनी धरलं, एक भिंगरीने, जवळ आल्या, लांब गेल्या, आणि त्या पोरीच्या तोंडून नावेचा प्रवास ऐकत राहिल्या. घरी आल्या त्या मान खाली घालून.

"माती खाल्ली मी," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "तोंडातून शब्दच फुटेना."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात एक अघोरी कल्पना आली. ते घर आपणच लिहायचं, छान टाइप करून घ्यायचं, आणि गुपचूप ते पान भिंगरीच्या प्रतीत डकवून द्यायचं. पानं डकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतंच. सकाळभर त्या लिहीत बसल्या. पायऱ्या लिहिल्या, दार लिहिलं. पण कागदावर आल्या आल्या ते दार नुसतं दार झालं, आणि ती बाई तर कुणीतरी भाड्याने आणून उभी केल्यासारखी.

चष्मेवाले दारात उभे राहून बघत होते. "पेन्सिलीची रेघ मारली म्हणून पोरांना तासतासभर खोडायला बसवतेस तू," ते एवढंच म्हणाले.

हळूबाईंनी कागद फाडला आणि टेबलावर डोकं टेकून रडल्या. आपलं डोकं म्हातारं झालं, ही भीती होतीच. पण त्याहून मोठं दुःख असं की आयुष्यात एकदाच पैज लावावी असं पोर भेटलं, आणि त्याच्याच तोंडाला आपण पानं पुसली. नवऱ्याने पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "शाळा उघडली की खरं सांग. आली तर तिथे, नाही आली तर लाँड्रीत जाऊन. पण सांग."

बाकीची सुट्टी कशी गेली, ते विचारू नका. लाँड्रीचा रस्ता टाळायला त्या बाजारात लांबून वळसा घालून जायच्या. दुपारी झोप यायची नाही, आणि आली तर डोळ्यांपुढे नुसतं पाणी. खाली काहीच नाही, एकही पायरी नाही.

शाळा उघडली. जिन्यावर पायांचा धडधडाट, दहावीची पोरं पुस्तकं आणून टाकताहेत आणि हळूबाई शिक्के मारताहेत. प्रत्येक पावलासरशी त्यांची मान दाराकडे वळत होती. गर्दी ओसरली. भिंगरी नाही. मधली सुट्टी संपायला आली, तरी नाही. शेवटी त्यांनी शिक्का डबीत ठेवला आणि डोळे पुसले.

मग दार उघडलं. भिंगरी. अंगात गणवेश नाही, घरातला साधा फ्रॉक. हळूबाईंना जे समजायचं ते समजलं. पुस्तक तेवढं परत द्यायला आली पोरगी. संपलं.

भिंगरीने पुस्तक टेबलावर ठेवलं. आदळलं नाही, ठेवलं.

"ये," हळूबाई म्हणाल्या. "मला तुला काहीतरी सांगायचंय. आधी मी सांगते, मग तू रागव. ते घर..."

"त्यात नाहीये," भिंगरी म्हणाली. "माहितीये. दोनदा वाचलं पूर्ण. मावशी म्हणाली, तुला नीट वाचता येत नाही, मग तिने स्वतः चष्मा लावून तो भाग बघितला. कांदा चिरते फक्त ती. जाम भडकले होते मी तुमच्यावर! म्हटलं, तोंडसुद्धा बघायचं नाही."

"बरोबर आहे तुझं. मला वाचता वाचता झोप लागली होती, बाळ. ते घर मला झोपेत दिसलं. मला खरंच वाटलं की वाचलंय. चुकलं माझं."

हळूहळू भिंगरीच्या तोंडावर हसू फुटलं. "तरीच! मलापण झोपेतच दिसलं."

"काय दिसलं?"

"घर. रागाच्या भरात तिसऱ्यांदा वाचायला घेतलं, म्हटलं आता एक अक्षर सोडणार नाही. चादरींच्या ढिगावर पडून वाचत होते, गरम गरम होत्या. तिथेच डोळा लागला. आणि बाई, पाणी उतरलं! पायऱ्या आल्या. पण दार हिरवं नाहीये हं, तुमचं चुकलं. निळं आहे. आमच्या जुन्या घराला होतं तसं."

हळूबाईंनी टेबलाची कड धरली. "आणि ती बाई? भांडी घासणारी?"

"होती ना. तशीच पाठमोरी. 'पाय पूस,' म्हणाली. मी पुसले. मग वळली."

"वळली?"

"तुमच्याकडे नाही वळली?"

"नाही गं. घंटा झाली."

"माझ्याकडे वळली," भिंगरी म्हणाली. "आई होती. दुसरं कोण असणार? हात ओले होते तिचे. मला वाटलं जवळ घेईल. तर म्हणते कशी, 'शाळा कधी उघडतेय?' पाण्याखालीसुद्धा हेच! मी रडत उठले आणि मावशीला सांगितलं, मी दहावीला जाणार. मावशी म्हणाली, बरं, दुपारी मात्र चादरी तुझ्याच. सकाळी मदतीला एक बाई ठेवतेय ती आता."

"अगं, पण मग गणवेश?"

"वाळला नाही अजून!" भिंगरी वैतागून म्हणाली. "अख्ख्या गावाचे कपडे वाळवतो आम्ही, आणि माझा मेला तेवढा ओला. म्हणून तर उशीर झाला. वर्गात कुणी घेईना, तर म्हटलं आधी इथे यावं."

हळूबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी ते लपवलं नाही. भिंगरी गांगरली, मोठ्या माणसाच्या रडण्याला काय करतात ते तिला माहीत नव्हतं. मग तिने टेबलावरचं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं.

"तुम्ही परत वाचा ना बाई. तुमच्याकडेपण वळेल ती. कोण आहे ते बघा तरी."

"आत्ता?"

"मग कधी? मी आहे ना इथे. मला तसंही वर्गात घेत नाहीयेत."

हळूबाई पुस्तक घेऊन नकाशांच्या कपाटामागे गेल्या. आरामखुर्चीत टेकल्या. नाव नदीला लागली. कितीतरी दुपारींची साचलेली झोप होती ती, दहा पानांतच आली. पुस्तक पोटावर उपडं पडलं. खाली पाणी उतरायला लागलं आणि एकेक ओली पायरी वर यायला लागली.

तेवढ्यात जिन्यावर पोरांचा धडधडाट झाला आणि दार धाडकन उघडलं.

"हळू रे!" कपाटापलीकडून दटावणीचा आवाज आला. "बाई वाचताहेत."